वेराला सांगायचं होतं

१२ फेब्रुवारी १९७६
ओझरच्या विमान कारखान्यातल्या रशियन इंजिनिअरची बायको दुपारी जीपमधून आणली. नाव वेरा. सातवा महिना. मुलगी झाली, पण गेलेलीच. दुभाषी बाप्या माणूस, तो लेबर रूममध्ये कसा येणार? बाहेरच उभा.

मी नेहमीसारखंच केलं. बाळ कापडात गुंडाळून आयाकडे दिलं, आईला दिसू दिलं नाही. पाहिलं की जीव अडकतो – आम्ही असंच शिकलो. वेरा माझा हात धरून तेच तेच म्हणत राहिली. मी आपली मराठीत, 'शांत हो, शांत हो!' काय उपयोग?

तिचं बोलणं कागदावर जमेल तसं उतरवून घेतलंय.

२२ फेब्रुवारी
बद्रुद्दीन मास्तर दोन वर्षं रशियात होते. दर रविवारी घरी मुलांना रशियन शिकवतात. त्यांना कागद वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला. 'सिस्टर, ती म्हणत होती, मला ती दाखवा.'

घरी येऊन चार पोळ्या करपवल्या.

२९ फेब्रुवारी
शिकवणीला नाव घातलं. मास्तरांनी सगळ्यांना विचारलं, रशियन कशासाठी? कुणी म्हणालं नोकरी, कुणी स्कॉलरशिप. मी म्हणाले, 'एका बाईची माफी मागायचीय.' कुणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, 'चिठ्ठी लिहून देतो की!' नको. चिठ्ठी देऊन पळ काढता येतो, मला माझी खोड माहीत आहे.

ती मंडळी दिवाळीनंतर मायदेशी जाणार म्हणे. म्हणजे आठ महिने.

४ एप्रिल
काय ही भाषा! सिरिंजा उकळताना शब्द घोकते. केस, कपाळ, बोटं, नखं. आमची आया भिमाबाई म्हणते, 'बाई, मंतर म्हणता का काय?'

१७ जुलै
महिनाभर रशियनची वही उघडली नाही. तापाची साथ.

१० ऑक्टोबर
एस.टी.नं ओझरला गेले. वसाहतीच्या गेटवर तासभर बसवून ठेवलं. वेरानं दार उघडलं, ओळखलं, आणि मी पाठ केलेलं सगळं विसरले!

मग आठवेल तसं बोलले. मी चुकले. तुला दाखवायला हवी होती. मी पाहिली होती. केस पिवळसर. बोटं लांब. कपाळ तुझं.

तिनं मला खुर्चीत बसवलं आणि परत सांगायला लावलं. चार वेळा. मध्येच रडली, मीही रडले. मग बिनदुधाचा चहा दिला. निघताना तिनं विचारलं, तुला मुलं किती? 'दोन,' म्हणाले. मग म्हणाले, 'नाही, एक.'

११ ऑक्टोबर
सासूबाई तांदूळ निवडत होत्या. माझा पहिलाही गेलेलाच जन्मला; त्यांनीच उचलून नेला होता, मला न दाखवता. आठ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आज विचारलं – 'आत्याबाई, तो कसा दिसत होता?'

त्यांनी सूप खाली ठेवलं. 'बस हितं,' म्हणाल्या. 'हनुवटी तुझीच व्हती गं.'