तीन फांद्यांचं अक्षर

४ मार्च १९४०, सोमवार

पोचलो एकदाचा! गाडीवाल्याने पुस्तकांच्या तीन पेट्या फाल्कनराइटचा डोंगर चढवून आणल्या आणि वर आल्यावर विचारलं की आत दगड भरलेत का. दगडांविषयीचीच पुस्तकं आहेत म्हटलं, तर त्याला चेष्टा वाटली.

गढीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली आहे, दक्षिणेच्या खिडकीची. शेगडी धूर करत नाही. टेबल डुगडुगत नाही. कासेलच्या शाळेत एकोणीस वर्षं पेंगणाऱ्या मुलांना लॅटिन शिकवलं आणि घरी येऊन रून अक्षरांचा अभ्यास केला. आपल्या वाडवडिलांनी हाडांवर, बकलांवर, दगडांवर कोरलेली ही अक्षरं. त्या वेडाला लोक हसायचे. आता वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्याच वेडासाठी कुणीतरी सन्मानाने बोलावलं आहे. या खोऱ्यात सापडलेल्या वस्तू वाचायच्या आणि नोंदी करायच्या, एवढंच काम. याहून काय हवं?

इथल्या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख ट्राउटफेटर काळ्या गणवेशात दारातच उभे होते. धिप्पाड, गुलाबी गालांचे. पूर्वी कुठेतरी व्यायामशिक्षक होते म्हणे. माझे दोन्ही हात धरून म्हणाले की तुम्हाला आम्ही बोलावलेलं नाही, अक्षरांनीच बोलावलं आहे. मी हसलो. ते हसले नाहीत.

स्वयंपाक फ्राउ ग्माइनरकडे आहे. काळजाच्या गोळ्यांचं सूप वाढताना तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “अहो डॉक्टर, एवढीशी हाडं घेऊन डोंगर चढलात तरी कसे?” आणि न विचारता आणखी दोन गोळे वाढले. तिची भाची वाल्बुर्गा ओढ्यापलीकडच्या संत ओटिलिएच्या आश्रमात राहते. बावीस वर्षांची आहे, तिला झटके येतात. तिथे जोगिणी अशा दोनशेवर माणसांना सांभाळतात. पोरगी बटाटे सोलायला बसली की माझ्यापेक्षा पातळ साल काढते, असं मावशी अभिमानाने सांगत होती.

९ मार्च

रोज सकाळी न्याहारीआधी दिवाणखान्यात ‘अक्षर उभं राहणं’ असतं. सगळ्या कर्मचाऱ्यांनी पाय जुळवून दोन्ही हात तिरके वर करायचे, म्हणजे आपण ‘जीवनाचं अक्षर’ होतो: मधे खोड, दोन बाजूंना फांद्या. मग दहा मिनिटं घशातून घुं घुं आवाज काढायचा. टंकलेखिका जांभई दाबत घुंघुं करते. माझे खांदे दुखतात.

आज न राहवून न्याहारीला ट्राउटफेटरना सांगितलं की या अक्षराचा जीवनाशी काही संबंध नाही. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या एका घरघरत्या ध्वनीचं ते अक्षर. पुढच्या शतकांत कोरणाऱ्यांनी ते उलटं, फांद्या खाली करून लिहायला सुरुवात केली. त्या उलट्याला तुम्ही ‘मृत्यूचं अक्षर’ म्हणता, पण ते तेच आहे. ध्वनी आहे, शेपटीसारखा शब्दाला चिकटलेला. बस.

त्यांनी शांतपणे अंडं फोडलं. म्हणाले, “क्निलिंग, तुम्ही अक्षर वाचता. मी ते ऐकतो.”

मीही माझं अंडं फोडलं.

१८ मार्च

माझा पहिला अहवाल तांबड्या पेन्सिलीने रक्तबंबाळ होऊन परत आला. पितळी बकलावर स्वच्छ कोरलेलं आहे की अमुक बाईने हे अमुक बाईला दिलं. दीड हजार वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने दुसरीला दिलेली भेट! मी तर वाचताना सद्गदित झालो होतो. ट्राउटफेटरांनी ते खोडून लिहिलं आहे: ‘उत्तरेच्या सूर्यातून रक्त उठेल.’ त्या बकलावर सूर्य नाही, उत्तर नाही, रक्त तर नाहीच. क्रियापदसुद्धा चुकीचं आहे.

मी खोलीत येऊन चार पानांची टीप लिहिली. सरळ आणि उलटं, दोन्ही एकच अक्षर. त्यांच्यात अर्थाचा काडीचाही भेद नाही. भेद करणाऱ्याला आधार नाही. सगळी उदाहरणं दिली, सही केली आणि त्यांच्या टेबलावर आपटली. त्यांनी ‘वा, फारच छान’ म्हणून फायलीत लावली. वाचली नाही. न वाचता ‘फारच छान’ म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे एकोणीस वर्षांच्या मास्तरकीत कुणी शिकवलं नाही.

२ एप्रिल

आश्रमातल्या माणसांची कार्डं आली आहेत. नाव, गाव, जन्म, आजार, काम करतो की नाही, भेटायला कोण येतं आणि त्यांचा पत्ता. एकूण दोनशे बारा. रक्ताचा अभ्यास म्हणे. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात मी अक्षर काढायचं, सरळ किंवा उलटं. का मी? तर माझं अक्षर सुंदर आहे.

पद्धत अशी की ट्राउटफेटर कार्डावर तळहात धरतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘वर’ किंवा ‘खाली’. नीट पाहिलं तर डोळे मिटण्याआधी ते ‘काम करतो की नाही’ हा रकाना वाचून घेतात. मी दिवसभर वर-खाली, वर-खाली काढत बसलो. डॉक्टरेट मिळवलेला माणूस! कासेलची पेंगणारी मुलं बरी होती. निदान झोपेत ती खोटं बोलत नसत.

वाल्बुर्गाच्या कार्डावर ‘खाली’ आलं. मी म्हटलं, ही बटाटे सोलते, म्हणजे काम करते. ते म्हणाले, अक्षर बटाटे बघत नाही. जाऊ दे म्हटलं. अर्थ नसलेलं अक्षर अर्थ नसलेल्या कार्डावर.

१५ एप्रिल

संपलं. सत्तर खाली, बाकी वर. प्रत्येक कार्डावर छापलेलं आहे: ‘लिपीतज्ज्ञाने तपासले.’ तिथे माझी सही. दोनशे बारा वेळा. बोट सुजलं आहे.

पुन्हा म्हटलं, माझ्या टिपेचं काय झालं? ती बर्लिनला पाठवली आहे, ते म्हणाले. बरं वाटलं. तिथे एखादा तरी शिकलेला माणूस असेलच.

११ मे

फ्राउ ग्माइनर सकाळपासून भांडी आपटते आहे. आज आश्रमातून सत्तर जणांना नेलं. दोन राखाडी बसगाड्या होत्या, खिडक्यांच्या काचा रंगाने माखून टाकलेल्या. कुठे नेलं ते कुणी सांगत नाही. दुसऱ्या चांगल्या दवाखान्यात, एवढंच. वाल्बुर्गा गेली. एप्रन काढायचाही वेळ दिला नाही. तिने मागे वळून जोगिणींना हात केला म्हणे.

सत्तर. मी तो आकडा जेवताना दोनदा मनात म्हटला. योगायोग असेल.

२० मे

फ्राउ ग्माइनरला पत्र आलं. वाल्बुर्गा घशाच्या संसर्गाने वारली. साथ पसरू नये म्हणून लगेच दहन केलं. रक्षा मागवता येईल.

तिने पत्र मला वाचायला दिलं, कारण मी वाचणारा माणूस. मग ओलं बोट तारखेवर टेकवलं. मृत्यू ९ मे.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “अकराला ती गाडीत चढली. दहा जोगिणींनी बघितलं. मेल्यावर दोन दिवसांनी चढली का पोर?”

तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि कांदे चिरायला बसली. मी तिथेच उभा. माझ्या हातांचं काय करावं कळेना.

२१ मे

ट्राउटफेटरकडे गेलो. काय बोललो ते इथे लिहून ठेवतो, कारण त्याची लाज मला एकट्याला वाटून पुरणार नाही. मी त्यांना पुन्हा व्याकरण सांगितलं. आवाज चढवून! त्या चिन्हाचा मृत्यूशी संबंध नाही, तुम्ही एका ध्वनीच्या नावाने माणसं मारता आहात, तो शब्दाच्या शेवटी येतो आणि—

ते ऐकत होते. मग खुर्ची पुढे ओढून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, “अहो, तुमच्यासारखं दुसरं कुणी मिळालंच नसतं. कार्डांवर तुमची सही बघितली की वर कुणी शंकाच घेत नाही.”

राजीनामा देतो म्हटलं. स्वीकारला नाही. युद्ध चालू आहे, म्हणाले. संध्याकाळपासून गढीच्या फाटकावर नवा पहारेकरी आहे. मला खाली गावात जायला परवाना लागतो. फ्राउ ग्माइनरला लागत नाही.

२७ मे

दुसरा गठ्ठा. उरलेली एकशे बेचाळीस कार्डं पुन्हा ‘ऐकायची’ आहेत. बर्लिनला आणखी साठ हवीत. साठ का? गाड्यांत जागा तेवढी आहे.

दिवसभरात साठ झाली. संध्याकाळी मी खोलीत कार्डं पुढे घेऊन बसलो. ब्लेडने दोन खालच्या फांद्या खरवडल्या, वरच्या काढल्या. मैत्रिणीच्या बकलाला दोन तास भिंग लावणारे हात. काम चोख झालं. एकूण एक कार्ड सरळ केलं. हे आधीच करता आलं असतं, एप्रिलमध्ये. ब्लेड तेव्हाही होतं.

३ जून

परवाना मिळवून आश्रमात गेलो, नोंदी तपासण्याच्या निमित्ताने. सिस्टर अडेलगुंडे, म्हातारी, बाह्या वर केलेल्या, मोठमोठ्या चादरी पिळत होत्या. मी हळूच सांगितलं: आता सगळे वर आहेत. त्या म्हणाल्या, “वर म्हणजे?” मी समजावलं. त्यांनी चादर खाली ठेवली.

“म्हणजे ती सही तुमची.”

हो म्हटलं.

मला वाटलं थोबाडीत मारतील. त्या म्हणाल्या, ज्यांना घर आहे त्यांना घरी पाठवता येतंय का ते बघते, पण पत्ते बहुतेक कचेरीत गेलेत. पत्ते तुमच्या कार्डांवर आहेत. लिहून आणा. इथे रडत बसू नका.

७ जून

एकवीस पत्ते फ्राउ ग्माइनरने बटाट्याच्या सालींच्या बादलीतून नेले. चौघांना घरच्यांनी येऊन नेलं. चौघं. बाकीच्यांना पत्र पोचलं नाही, किंवा पोचलं, आणि—

ट्राउटफेटर गप्प. कार्डं बघितली नाहीत की बघितली? सकाळी घुंघुं करताना माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

१३ जून

माझी टीप परत आली आहे. बर्लिनच्या शिक्क्यासह. ट्राउटफेटर हातात घेऊन स्वतः खोलीत आले. आनंदाने लाल झाले होते.

“अभिनंदन, क्निलिंग! तुमचंच खरं ठरलं.”

त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. ‘लिपीतज्ज्ञ क्निलिंग यांनी सप्रमाण सिद्ध केल्याप्रमाणे दोन्ही चिन्हे एकच असून त्यांच्यात अर्थाचा भेद नाही. सबब कार्डांची वर्गवारी बंधनकारक नाही. उर्वरित सर्व हलवावेत.’

माझी वाक्यं आहेत. स्वल्पविरामसुद्धा माझे. तीन महिने ओरडत होतो की कुणीतरी वाचा—

वाचलं.

१४ जून

पॅरिस पडलं. खोऱ्यातल्या सगळ्या चर्चच्या घंटा सकाळपासून. त्या गजरात गाड्या आल्या. चार.

मी फाटकातून तसाच पळत सुटलो. पहारेकरी घंटा ऐकत नाचत होता. ओढ्याशी पोचलो. आश्रमाच्या अंगणात सगळे रांगेत. पांढऱ्या डगल्यातली बाई प्रत्येकाच्या पाठीवर नंबरची पट्टी चिकटवत होती. त्यासाठी हात वर करा म्हणे. सगळ्यांनी केले. पाय जुळवून, हात तिरके वर— शंभरावर माणसं— ते अक्षर—

मी ओरडलो. घंटांत कुणाला ऐकू जाणार? एका म्हाताऱ्याला वाटलं मी त्यालाच हाक मारतो आहे. त्याने वर केलेलाच हात हलवला.

सिस्टर अडेलगुंडे गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या, उठेचनात. दोघांनी उचलून बाजूला ठेवलं.

गाड्या गेल्या. अंगणात एक बूट.

१५ जून

काही खाल्लं नाही. भिंतीवर भेग आहे, तिलाही तीन फांद्या. टॉवेलने झाकली.

ट्राउटफेटर म्हणाले, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खोऱ्यातली कार्डं. नऊशे. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, सहीचा शिक्का करून घेतला आहे. हात लागत नाही आता.

१७ जून

उद्या दुपारी जुनी कार्डं जाळणार. सगळी. म्हणजे मग कुणी नव्हतंच. रक्षेचे डबे खोटे, तारखा खोट्या, आणि नावं— नावंही नाहीत.

गठ्ठा उचलला. खोलीत आणला. कुणी अडवलं नाही. बटाट्यांच्या बादलीत दोनशे कार्डं मावत नाहीत. वही मावते.

१८ जून, सकाळ

फ्राउ ग्माइनर दाराशी बादली घेऊन उभी आहे. घाई करा म्हणते. लिहितो. चिन्हं नाहीत, शाळेतल्या साध्या अक्षरांत. नाव, गाव. लिहिणारा ओटमार क्निलिंग. सही याचीच होती. हे आधी.

वाल्बुर्गा हासेलबाख, ओबरमूल. पहिलं तिचं. मावशीने सांगितलं.

क्रेसेन्झ फोगेलझांग, ओबरमूल. योस्ट लांगेनाउ, टालहोफ. तेओडोरा ब्लूमेल, गाव लिहिलेलं नाही. व्हेंडेलिन श्टॉयबर, टालहोफ, हा वाजवायचा काहीतरी, कार्डावर आहे— बासरी. अपोलोनिया आणि रेगिना क्रेचमार, बहिणी.

घरी गेलेले चौघं सोडून एकशे त्र्याण्णव झाली. खाली अंगणात मोटार. ट्राउटफेटर कुणाशी तरी बोलतो आहे, माझं नाव—

गोटलीब हाइनबुख, श्टाइनाउ. मारिया एंगेलहार्ट, सहा वर्षं. गाव— कार्ड फाटलंय. आगाथे—

जिन्यावर बूट. तीन जण. फ्राउ ग्माइनर म्हणते द्या आता, डॉक्टर, द्या. एक मिनिट. अजून बारा.

लुडगर टीलेमान, ओबरमूल. रोझिना पाप्पेनहोर्स्ट, टालहोफ. एर्हार्ट मोझ—