चिपाडांची टाकी

प्रिय आप्पा,

वर्षश्राद्ध आम्ही घरी केलं. आज कंपनीनं तुमचं दुसऱ्यांदा घातलं, म्हणून लिहिते आहे.

कुरकुंभच्या ज्या रंगाच्या कारखान्यात तुम्ही सांडपाण्यावर आयुष्यभर शिफ्ट केली, तिथं आता सांडपाणी गाळायची टाकी आहे. आत उसाची चिपाडं. बाहेर तुमचं नाव, हातभर अक्षरांत.

केंदूरच्या आपल्या घराची गच्ची आठवते? रसवंतीची चिपाडं तुम्ही गोडी जाईपर्यंत धुवायचात, लिंबूसत्त्वात भिजवायचात, मग मंद आचेवर भाजायचात. आई ओरडायची, "आवो, माझ्या कढईत ह्यो कसला चिवडा?" ती चिपाडं बरणीत भरून वरून कारखान्यातलं लाल पाणी ओतलं की खाली नितळ यायचं. मी हसले होते. आता त्याची लाज वाटते.

या लोकांनी काय केलं? धुतलं नाही, भाजलं नाही. ट्रॉलीभर चिपाडं आणून तशीच कोंबली! ताडीसारखा वास. पाहुण्यांआधी माश्या हजर.

लाल पाणी ओतायची हिंमतही झाली नाही. त्याऐवजी पिण्याच्या पाण्याचा टँकर! वरून स्वच्छ ओतलं, खालून पिवळट, आंबूस आलं. मॅनेजर ग्लास उंचावून म्हणाले, "बघा, लाल रंग पूर्ण गेला!" टाळ्या वाजल्या, आप्पा!

तुमचे जोडीदार रशीदमामा माझ्या कानाशी आले. "ताई, चांगलं पानी बिघडवलं. ह्येलाबी डोकं लागतं. लाल पानी मागनं वढ्यात चाललंय, रोजच्यासारखं."

तुमचाही राग येतो. सगळी कृती स्वतःच्या हातानं लिहून यांना दिलीत. "साहेब करतील," म्हणालात. सत्काराच्या एका शालीवर इतके कसे भुललात?

मग शेरेवही पुढं आली. तुमच्या मुलीची सही झाली की ओढ्याबद्दल विचारायला कोणी येणार नव्हतं. "मॅडम, दोन चांगले शब्द."

मी लिहिलं: टाकीत जाण्यापूर्वी पाणी स्वच्छ होतं.

मॅनेजरनी न वाचताच आभार मानले.

आप्पा, त्या टाकीवरचं तुमचं नाव मी खरवडून काढीन. ओढ्यातलं पाणी बाटलीत भरून ग्रामसभेत उभी राहीन, आणि तुमच्यासारखे हात जोडणार नाही. शब्द देते.

तुमची,
सुनंदा