सायमीला पुलापलीकडे पाठवण्याबाबत

९ मार्च, रविवार
बर्फ अजून खिडकीपर्यंत. सकाळी छतावरचा ओढून काढला. ओढताना दांडा मोडला. दांडा जुना होता.

हेल्मी, माझी बायको, नोव्हेंबरात गेली. मी त्यातून पूर्ण बाहेर आलो आहे. ऑफिसात सगळे म्हणतात, आर्वो, किती सावरलास तू. मी काउंटीच्या रस्ते विभागात मोजणीचं काम करतो. त्या कामात भडक माथ्याचा माणूस टिकत नाही.

आता एकच गोष्ट मार्गी लावायची राहिली आहे. सायमी. आमची मुलगी. तिचं हायस्कूल जूनमध्ये संपतं. तिने विद्यापीठात जायचं, मोठा पूल ओलांडून खाली दक्षिणेला, दिवसभराच्या ड्राइव्हवर. हेल्मीचंही तेच म्हणणं होतं. गावाजवळ कम्युनिटी कॉलेज आहे. दोन वर्षांचं, राहायला घर, जेवायला घर. तेच बरं असं म्हणणारे इथे पुष्कळ आहेत. सायमी त्यांच्यापैकी कुणाचीच मुलगी नाही.

ठराव: पोरीवर दबाव आणायचा नाही. आवाज चढवायचा नाही. निर्णय तिचाच. फक्त तो विद्यापीठाचा असावा.

१४ मार्च, शुक्रवार
शाळेत काउन्सेलर मिसेस बोशां यांना भेटलो. सज्जन बाई. टेबलावर चॉकलेटांची वाटी ठेवतात. म्हणाल्या, आर्वो, आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज केलं आणि मग विद्यापीठात बदली घेतली तर काय बिघडलं? हल्ली चांगली हुशार मुलं तसं करतात. शिवाय तुमच्या घरची परिस्थिती बघता.

मी विचारलं, कसली परिस्थिती? म्हणाल्या, अरे, म्हणजे तुमच्या घरची. मी म्हणालो, आमच्या घरी उत्तम चाललंय. हे नीट समजावं म्हणून शेजारच्या फाइलींच्या कपाटावर हात ठेवला. कपाटाला खड्डा पडला. शाळेची कपाटं हलक्या पत्र्याची असतात. चॉकलेटं खाली सांडली. मी सगळी वेचून दिली. त्या म्हणाल्या, राहू दे, राहू दे, तू जा आता.

एकूण भेट चांगली झाली.

हात सुजला आहे. सायमीने फ्रीजरमधल्या मटारांची पिशवी बांधून दिली. विचारलं, काय झालं? म्हणालो, कपाट. थकलेली दिसते. अभ्यास फार असतो.

२९ मार्च, शनिवार
विद्यापीठाचा होकार आला. सायमीने फोन पुढे धरला. मी वाचलं. म्हणालो, छान. आम्हा फिनिश लोकांत याहून जास्त बोलत नाहीत.

मग लाकडं फोडायला गेलो. मन आनंदात असलं की हात चांगला चालतो. सगळा ढीग संपवला. नंतर कुंपणाचे दोन खांबही फोडले गेले, ते ढिगाच्या अगदी जवळ होते. सायमी दारात येऊन म्हणाली, डॅड, ते कुंपण आहे. म्हणालो, माहितीये.

१२ एप्रिल, शनिवार
सॉना, परसातल्या वाफेच्या खोलीत. नेहमीप्रमाणे रूडी आला. रूडी हेल्मीचा धाकटा भाऊ. कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंग शिकवतो आणि ते विसरू देत नाही.

सॉनात भांडायचं नसतं. आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी हे शिकतं. चर्चमध्ये बसावं तसं बसायचं. माझे वडील आणि काका शेताच्या बांधावरून आयुष्यभर एकमेकांशी बोलले नाहीत, पण दर शनिवारी एकाच बाकावर बसून घाम गाळायचे. हे सगळं मला माहीत आहे.

रूडीने तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं आणि म्हणाला, पोरीला राहू दे की दोन वर्षं इथे. आमच्या कॉलेजात काय अस्वलं शिकवतात? मी म्हणालो, रूडी, सॉनात बसलोय आपण. तो म्हणाला, म्हणूनच बोलतोय. इथे तू हात उचलणार नाहीस.

त्याचा अंदाज चुकला.

मी पाण्याच्या पळीने एकच मारली. त्याने बादली माझ्या डोक्यात घातली. मग दार बिजागरीसकट बाहेर गेलं आणि त्यामागून आम्ही. पन्नाशीचे दोन पुरुष, अंगावर धागा नाही, उरलेल्या बर्फात. तो माझ्या खांद्याला चावला. मी त्याचं तोंड बर्फात दाबलं. थोडं जास्त वेळ दाबलं असेल. शेजारचा ड्वेन हातात बिअर घेऊन त्याच्या पायऱ्यांवर उभा होता. ओरडून म्हणाला, आर्वो, सोडवू का नुसतं बघू? शेवटी सायमी धावत आली आणि दोघांच्याही पाठीत फावडं घातलं. मग घोंगड्या दिल्या.

रूडी रक्त थुंकत म्हणाला, आज हेल्मी असती तर. मी म्हणालो, तिचं नाव घेऊ नकोस. त्याने घेतलं नाही. गाडीत बसताना म्हणाला, वेड लागलंय तुला, गाढवा. पुढचा दात गेला त्याचा.

ठराव: रूडीला माफ करायचं.

१ मे, गुरुवार
आज शेवटच्या वर्गातली मुलं आपापल्या कॉलेजचा स्वेटशर्ट घालून शाळेत जातात. सायमी विद्यापीठाचा घालून गेली. कळवण्याची मुदत आजपर्यंत होती, तिने कालच हो कळवलं. जिंकलो. कसलाही दबाव न आणता.

ड्वेनचा मुलगा कोडी कम्युनिटी कॉलेजात जातो आहे. ड्वेनने अंगणात तशी पाटीही रोवली. मी जाऊन अभिनंदन केलं. मनापासून.

जूनमधल्या पार्टीसाठी केक सांगून आलो. वर निळ्या आयसिंगमध्ये विद्यापीठाचं नाव. सायमी म्हणाली, डॅड, एवढी घाई कशाला? केकवर नुसतं माझं नाव पुरे. मी म्हणालो, नाव काय, सगळ्यांनाच असतं.

१८ मे, रविवार
घर आवरायला घेतलं. सायमी गेल्यावर सगळं सुटसुटीत हवं. सुरुवात बैठकीच्या खोलीतल्या हातमागापासून. हेल्मी त्यावर चिंध्यांच्या सतरंज्या विणायची. नोव्हेंबरापासून त्यावर एक अर्धी सतरंजी तशीच होती.

प्लॅन साधा होता. स्क्रू काढायचे, माग सुटा करायचा, चर्चला द्यायचा. स्क्रू गंजलेले. थोडा वेळ प्रयत्न केला. मग कुऱ्हाड आणली.

मेपलचं लाकूड, चिवट. ताणलेले धागे कुऱ्हाडीखाली तुटतात तेव्हा तारेसारखे वाजतात. एक उडून गालावर बसला. साध्या धाग्याने रक्त निघतं हे माहीत नव्हतं. पायपट्ट्या फोडल्या, चौकट फोडली, मग चौकटीचे तुकडे फोडले. जमिनीच्या फळ्यांत तीन-चार घाव गेले, ते गालिच्याखाली झाकता येतील.

सायमी दुकानातल्या कामावरून आली. कोट न काढता चिंध्यांत बसून राहिली. मी म्हणालो, बघ, किती जागा झाली. जेवण तिने केलं. मी दोनदा वाढून घेतलं.

७ जून, शनिवार
हे शांतपणे लिहितो आहे.

पार्टी आमच्या गराजमध्ये. लांब टेबलं, बटाट्याचं सॅलड, हॉटडॉग, कॉफी. सगळी गल्ली आली. रूडी नवा दात बसवून आला आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलला. केक कापायच्या आधी सायमी म्हणाली, मला काहीतरी सांगायचंय. मी विद्यापीठात जाणार नाही. सोमवारी तसं कळवते. इथल्या कॉलेजात ऑगस्टपर्यंत प्रवेश देतात, तिथेच नाव घालते. मग तिने सुरी आडवी धरून केकवरचं निळं नाव खरवडून काढलं, सुरी रुमालाला पुसली आणि तुकडे करायला लागली.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ड्वेन म्हणाला, झकास! आमच्या कोडीला गाडीत सोबत झाली.

मी काहीच बोललो नाही. हे महत्त्वाचं. एक शब्दही न बोलता कुऱ्हाडीचा सुटा दांडा घेतला आणि बाहेर पडलो. आधी ड्वेनची पाटी. मग ड्वेनची रस्त्याकडेची पत्रपेटी. ती खांबावरून उडून पार खड्ड्यात गेली, आवाज चांगला झाला. मग पुढच्या घराची. मग त्यापुढची. हा रस्ता मी स्वतः मोजला आहे, कुठला खांब कुठे ते मला पाठ आहे. परत येताना दुसरी बाजू घेतली. ड्वेन दांडा धरायला मध्ये आला. त्याचं नाक. मुद्दाम नाही. मुद्दाम असेल तर थोडंच.

पाहुणे ताटल्या घेऊन बघत होते. शेरिफचा डेप्युटी टकरही पाहुणाच होता, हातात केक. तो चालत आला आणि म्हणाला, आर्वो, नाक आपल्या काउंटीचं आहे, ते बघून घेऊ. पण पत्रपेट्या थेट वॉशिंग्टनच्या, केंद्र सरकारच्या असतात रे बाबा. ठेव तो दांडा खाली. मला हा तुकडा संपवू दे, मग जाऊ.

सायमी रस्त्याच्या मधोमध उभी होती. रडत नव्हती. तिला ड्वेनच्या कोडीने फितवलं असणार. किंवा रूडीने. शोधून काढीन.

२३ जून, सोमवार
कोर्ट. ड्वेनने नाकाची तक्रार केली नाही, शेजारधर्म म्हणून. जजबाई म्हणाल्या, सगळ्या पेट्या स्वतःच्या हाताने बसवून द्या आणि राग आवरण्याच्या वर्गाला जा, सप्टेंबरपासून दर मंगळवारी. मी नम्रपणे सांगितलं की मला राग येत नाही. त्यांनी विचारलं, मग पेट्या कशाने मोडल्या? म्हणालो, दांड्याने. मागे लोक हसले. का, कळलं नाही.

वर्ग कुठे भरतो विचारलं. कम्युनिटी कॉलेजात.

मी पुढचं बाक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. बाक जमिनीला बोल्टने आवळलेलं होतं. चांगलं काम.

१३ जुलै, रविवार
पेट्या बसवतो आहे. आज सायमी खांब धरायला आली. हीच वेळ साधून तिला शांतपणे विचारलं, कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? कोडीने की रूडीने?

ती म्हणाली, तू.

मी हातोडा थांबवला. ती म्हणाली, मॉमचा माग फोडलास ना, त्या दिवशी ठरवलं मी. तुला एकट्याला घरात ठेवून गेले तर तू कुणाचा तरी जीव घेशील. नाहीतर स्वतःचा. मी म्हणालो, अगं, मी तर तुला पहिल्या दिवसापासून जा म्हणतोय. ती म्हणाली, हो. हातात कुऱ्हाड घेऊन.

खिळ्यावर मारलं ते अंगठ्यावर बसलं. दुसरा घाव मी अंगठ्यावरच घातला. तिसऱ्याच्या आधी तिने हातोडा काढून घेतला. नख गेलं.

माझा अंगठा दाबून धरून तिने सांगितलं की विद्यापीठाला नकार कळवणारं पत्र तिने अजून पाठवलेलं नाही. जाईन म्हणाली, पण अट आहे. वर्गाला जायचं, एकही मंगळवार चुकवायचा नाही. रूडीमामा त्याच इमारतीत असतो, तो मला सांगेल. तू एकदा जरी गेला नाहीस, तर दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन परत.

अट मान्य केली. तिच्या समाधानासाठी. मुलांना या वयात आधार लागतो.

२४ ऑगस्ट, रविवार
गेली. रूडीच्या ट्रकमधून. मी गाडी चालवणार होतो, पण ती म्हणाली, डॅड, निरोप इथेच देऊ. पूल ओलांडून तुला एकट्याने परत यायला नको.

हसून निरोप द्यायचं ठरवलं होतं. दिला. दोन्ही हात खिशांत घालून उभा होतो. ट्रक वळणावर दिसेनासा झाला तेव्हा दोन्ही खिसे शिवणीतून फाटलेले होते. कापड हलकं.

घरात जागा पुष्कळ आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार
पहिला वर्ग. कॉलेजच्या दारातच रूडी भेटला, वेल्डिंगचा मुखवटा काखेत. म्हणाला, काय रे, दप्तर कुठाय तुझं? मी त्याला काही केलं नाही. त्यानेच माझ्यासाठी दार उघडून धरलं.

खुर्च्या गोल मांडलेल्या. शिकवणारी बाई माझ्याहून बरीच लहान. प्रत्येकाने कुणाला मारलं ते सांगायचं होतं. एकाने मुकादमाला. एकाने मेव्हण्याच्या नव्या ट्रकला. एका जाडसर बाईने नवऱ्याला गोठलेल्या ट्राउट माशाने. त्या म्हणाल्या, मासा मोठा होता म्हणून जास्त दिसलं. मला वाटलं, यांच्यात माझं काय काम?

माझी पाळी आली. म्हणालो, पत्रपेट्या. आणि एक नाक. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? वाक्य घरून ठरवून आणलं होतं: माझ्या मुलीने कम्युनिटी कॉलेजात जायचं म्हटलं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, माझी बायको नोव्हेंबरात वारली.

मग थांबेना. हॉस्पिटलची खोली. माग. दर शनिवारी मी अजूनही सॉनात तिचा टॉवेल काढून ठेवतो ते. तिचं नाव घेतलं, कितीदा माहीत नाही. ट्राउटवाल्या बाईंनी टिशूचा खोका माझ्या मांडीवर ठेवला.

माझं झाल्यावर शिकवणाऱ्या बाई हातातल्या कागदाकडे बघत हळूच म्हणाल्या, आर्वो, तुम्ही जे सांगितलंत ना, त्याचा वर्ग हा नाही. तो गुरुवारी असतो, समोरच्या खोलीत.

मी उठलो. म्हणालो, माफ करा, म्हणजे मी चुकीच्या वर्गात बसलो.

त्या म्हणाल्या, नाही, बसा. तुम्हाला दोन्ही करावे लागतील.