विश्वस्त मुक्कामाला

सांगली,
शनिवार

ती. उदयसिंह मामांना,
अंकिताचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी बांधलेल्या निर्गुडीच्या पाल्यानं उतार पडला, की शेवटी डॉक्टरांकडं जावं लागलं? ऊसतोडीची टोळी आली का, की यंदाही मुकादम फोन उचलत नाही? म्हैस व्याली असेल तर रेडी झाली की रेडा, तेवढं कळवा. (रेडी झाली की तुम्ही गल्लीभर खरवस वाटता, हे मला लहानपणापासून फार आवडतं.)

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही "हं, बोल" म्हणालात की मला पुढचं काही सुचत नाही. शाळेत नाव घालायच्या आधी अक्षरं तुम्हीच मला घरच्या सोप्यात बसवून शिकवलीत, तेव्हा निदान लिहिताना तरी भीती कमी वाटेल असं वाटलं. (वाटत नाही. हा तिसरा कागद आहे.) तुळशीच्या लग्नानंतर लगेच तुमच्या पूजाचं लग्न करायचं ठरलंय, असं कळलं. ती सतरा वर्षांची आहे आणि बारावीला आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, हेही तुमचंच शिकवणं. मी फक्त माझ्या नोकरीतल्या गमती कळवतेय.

आमची 'लेकीबाळी' संस्था मुलींच्या हक्कांसाठी काम करते एवढं तुम्हाला ठाऊक आहे, पण ती चालवतं कोण, हे कधी सांगायचं राहूनच गेलं. आमचे तीन विश्वस्त आहेत. अध्यक्ष नानासो हे खंडाळ्याकडचे निवृत्त सुभेदार. बैठकीत कुणी उशिरा आलं तर ते काही बोलत नाहीत, नुसतं घड्याळाला किल्ली देतात. दुसऱ्या मनुबाई, हायस्कूलच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर उभं राहिलं की माझे हात आपोआप मागे बांधले जातात. तिसरे बिराप्पा, जतकडचे. त्यांची हयात मेंढरांमागं गेली. मराठी बोलता बोलता ते कानडीत शिरतात आणि परत येताना दार लावायचं विसरतात.

पूर्वी कुठं कमी वयाच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं की आम्ही जीप, पत्रकं आणि पोलीस घेऊन जायचो. एकदा असेच पोचलो तर घराला कुलूप, आणि लग्न सीमेपलीकडं आत्याच्या गावात उरकलेलं. त्यानंतरच्या बैठकीत मी पत्रकांची भाषा जरा सौम्य करावी असं सुचवत होते (तीन मसुदे केले होते), तेव्हा बिराप्पा म्हणाले, "पोलिसाला बघून माणूस पळतो. पाव्हण्याला बघून कसा पळंल? त्याला च्या करावा लागतो." झालं. तेव्हापासून पिशवीत कायदा खाली आणि टॉवेल वर, अशी आमची पद्धत पडली. विश्वस्तांनी पाहुणे म्हणून जायचं. लग्नाचा विषय काढायचा नाही. आणि यजमान आपल्या तोंडानं तो काढेपर्यंत निघायचं नाही.

पहिला मुक्काम पडला जत तालुक्यात, धनाजी म्हणून एकांच्या वस्तीवर. त्यांच्या सोनमचं लग्न दहावीच्या आधीच ठरलं होतं. बोलावलं नसताना आत कसं शिरायचं, ही माझी काळजी. पण बिराप्पांनी अंगणात उभ्या उभ्याच कुलदैवत, आजोळ, मेंढरांचा जुना रस्ता अशी चौकशी सुरू केली, आणि चहा येईपर्यंत धनाजींच्या आई रंगूबाई या त्यांच्या मावशीच्या नणंद ठरल्या. (ते नातं मी घरी येऊन कागदावर काढून बघितलं. जुळलं नाही. पण दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं.) माझी अडचण वेगळीच होती. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, असा संस्थेचा नियम आहे, आणि तो मीच लिहिलेला आहे. म्हणून मी डबा नेला होता. पंगतीत एका कडेला बसून मी पोळीभाजी खायला लागले, तर रंगूबाईंनी मनुबाईंना सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं, की पोरीला काही दुखणं आहे का. मग मी डबा संपवून त्यांची भाकरी आणि मटणाचं कालवणही खाल्लं, आणि अहवालात प्रामाणिकपणे "कालवण, परत कालवण" असं लिहिलं. मनुबाई वाचून म्हणाल्या की "परत"च्या खाली रेघ मारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला. तिथं टँकर आला की भांडण ठरलेलं. नानासोंनी घागरींची अशी काही रांग लावली की वस्तीच्या इतिहासात पहिल्यांदाच टँकर शांततेत रिकामा झाला. मनुबाईंनी तोवर मेंढरांच्या वाड्याच्या सावलीत सोनमला आणि शेजारच्या चार पोरींना भूमिती शिकवायला घेतली होती. त्याचा परिणाम असा झाला की अख्खी वस्ती येऊन आग्रह करायला लागली, पुढचा टँकर येईपर्यंत पाहुण्यांनी हलू नये. धनाजींचा चेहरा मला बघवेना.

आणि मग मामा, घोटाळा केला तो मीच. रंगूबाई पुन्हा चुलीपुढं बसलेल्या बघून माझ्या तोंडातून निघून गेलं, "आजी, राहू द्या आता, आम्ही निघतोच." धनाजींनी उडी मारून आमची जीप वळवून दारात लावलीसुद्धा. ते बघताच, पहाटे पोरांबरोबर पन्नास जोर काढलेले नानासो कंबर धरून बाजेवर आडवे झाले. मी त्यांच्या कानाशी लागून विचारलं, की ही लबाडी नाही का. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "फौजेत ह्याला लबाडी म्हणत न्हाईत. मोर्चा धरणं म्हणत्यात." (मनुबाईंनी मला काढलेला चिमटा मी अहवालात लिहिला नाही. तो वैयक्तिक होता.)

त्या दुपारी धनाजींचा धीर सुटला आणि त्यांनी विचारायचं नाही तेच विचारलं. "आवं, तुमी जाणार कवा?"

रंगूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "पाव्हण्याला आसं इचारत्यात व्हय रं? बापानं हेच शिकिवलं?"

धनाजी मटकन उंबऱ्यावर बसले. आणि मग सगळं आपोआप बाहेर आलं. स्थळ चांगलं आहे, त्यांना घाई आहे, पोरगी हुशार आहे हे काय मला दिसत नाही का, पण एकदा दिलेला शब्द मागं घेतला तर लोक काय म्हणतील. शेवटी नानासो उठून बसले (कंबर बरी झाली होती) आणि एवढंच म्हणाले, "पोरगी आठरा होऊ दे, तवर शिकू दे. तुला न्हाई म्हणायला जड जात आसंल, तर आमी जातो तिकडं मुक्कामाला." ही बातमी मुलाकडच्यांपर्यंत कशी पोचली कोण जाणे. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, की आम्हाला अजिबात घाई नाही, पाहुण्यांना त्रास देऊ नका. सोनम आता जतला अकरावीला आहे. गणित अडलं की ती मनुबाईंना फोन करते, आणि न अडलं तर मनुबाई तिला करतात.

तेव्हापासून मात्र विश्वस्तांना मुक्कामाची चटकच लागली आहे. परवाच्या बैठकीत एक नवं प्रकरण आलं. ते माझ्या नात्यातलं निघालं, म्हणून मी रीतसर उभी राहून सांगितलं, की मला यातून वगळावं. मनुबाई म्हणाल्या, "नात्यातलं आहे? बरं झालं. पत्ता विचारत हिंडायला नको." ते प्रकरण कुणाचं, हे सांगणं नियमात बसत नाही, म्हणून सांगत नाही.

मामा, तुमच्या दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय गेलेला मी बघितला नाही. तो विमा एजंट आठवतो? तुम्ही त्याला इतका आग्रह करून ठेवून घेतलात, की तो जाताना विम्याचं बोलायचंच विसरला. पाहुण्याला "कधी जाणार" विचारणाऱ्याच्या घरात लक्ष्मी थांबत नाही, असं तुम्ही म्हणायचात. मी हे बैठकीत सांगितलं. तिघांनाही फार आवडलं.

मामींना नमस्कार. पूजाला म्हणावं, अभ्यास सोडू नको.

तुमची भाची,
अंकिता

ता. क. येत्या गुरुवारी सकाळच्या शिराळा एसटीनं तिघं तुमच्याकडं येतील. नानासोंना वांगं चालत नाही. उशी ते स्वतःची आणतात. मनुबाईंना बिनसाखरेचा चहा. बिराप्पांना गोठ्याजवळ अंथरूण घातलं तरच झोप येते, तेव्हा व्यायला झालेल्या म्हशीची काळजी मिटली. परत कधी निघणार, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

दुसरा ता. क. मुलगा फौजेत आहे, पुन्हा सुट्टी मिळेल न मिळेल म्हणून घाई, असंही कळलं. यावर नानासोंचं म्हणणं, "सुट्टी दरसाल मिळती. बारावी एकदाच." मुलाचं गाव त्यांच्या गावापासून जवळच आहे. तिकडंही जायला ते एका पायावर तयार आहेत.

तिसरा ता. क. आधी कळवून जायचं नाही, असा संस्थेचा नियम आहे, आणि तोही मीच लिहिलेला आहे. पण न सांगता कुणाच्या दारात जाऊन पडू नये, हा तुमचा नियम त्याच्या आधीचा. म्हणून हे पत्र. नियम मोडल्याचं मी सोमवारी तिघांना सांगणार आहे. पूजा अठराची होऊन पुढं शिकेपर्यंत लग्न नाही, असा तुमचा फोन गुरुवारच्या आत आला, तर मी त्यांना थांबवीन. वाईट वाटेल त्यांना. नानासोंनी उशीला नवा अभ्रा घातलाय. फक्त फोनवर "हं, बोल" म्हणू नका. तुम्हीच बोला.

शेवटचा ता. क. पूजावर रागावू नका. तिनं मला काहीच कळवलेलं नाही. फोन मामींचा आला होता. पत्रात तुमचं नाव घालू का, असं मी त्यांना दोनदा विचारलं. तर म्हणाल्या, "घाल की खुशाल. आन् पाव्हण्यांना म्हणावं, गाद्या उन्हात टाकल्यात."