प्रोफाइल अपडेट झालं

सोमवार, ६ जानेवारी

आजपासून नोकरी! नाशकात निमाणी स्टँडमागे संतोषदादाचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, त्याच्या डोक्यावर एक खोली. तीच आमची कचेरी. खाली मशीन सुरू झालं की वर टेबलावरचा चहा थरथरतो. दोन कॉम्प्युटर, एक जुना फ्रिज, मागे गादी टाकण्यापुरती जागा. मी तिथेच राहणार. पप्पा म्हणाले, "राहा की. फक्त कपाट नेऊ नको, चार दिवसांत परत वाहून आणावं लागेल." मखमलाबादला घरच्या मळ्यात शेवंती तोडायला दोन हात कमी झाले, त्याचा राग. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं तेव्हापासून ते असंच बोलतात. सोडलं म्हणजे, प्रॅक्टिकलला सरांनी माझी फाइल भिरकावली आणि मी त्यांची. असो.

संतोषदादा रक्तदात्यांचा ग्रुप चालवतो. त्यांचं 'धमनी' नावाचं ॲप आहे, पायथनमध्ये लिहिलेलं, आधीच्या मुलाने अर्धवट सोडलेलं. जिल्हाभरचे दाते त्यात आहेत. नाव, गाव, रक्तगट, मोबाइल, शेवटचं रक्तदान कधी केलं. कुणाला रक्त लागलं की घरचे ॲपमध्ये शोधतात आणि सरळ दात्याला फोन लावतात. पण दात्याचा नंबर बदलला तर त्याने ग्रुपचं काम बघणाऱ्या निकिताला कळवायचं आणि मग तिने भरायचं. आता ज्याला त्याला आपलं प्रोफाइल आपणच बदलता यायला हवं. ते माझं काम.

निकिता सकाळी पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, दुपारी इथे फुकट राबते. तिने नाव विचारलं, मी सांगितलं, तर हसली. "समाधान? नाकावर तर दुसरंच काहीतरी दिसतंय." संपलं. मी आता इथून हलत नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

पान तयार झालं. माहिती बदलायची, 'जतन करा' दाबायचं, की वर हिरवी पट्टी येते – प्रोफाइल अपडेट झालं. निकिताने टाळी दिली. तिच्या हाताला लॅबच्या स्पिरिटचा वास असतो. मला तो वास आवडायला लागलाय.

टेस्टिंगला म्हणून माझंही प्रोफाइल काढलं. ओ पॉझिटिव्ह. 'शेवटचं रक्तदान' रिकामं, कारण सुई बघितली की मला घेरी येते. निकिताला म्हणालो, राहूनच गेलं.

एक गोष्ट करायची राहिली आहे. पानाच्या पत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचं प्रोफाइल उघडतं आणि बदलताही येतं. लॉगिन केलेला माणूस आणि प्रोफाइलचा मालक एकच आहे का, हे कोड बघतच नाही. दोन ओळींचं काम आहे. करतो.

संध्याकाळी ज्ञानेश येऊन गेला. एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला आहे. त्याचा रक्तगट बॉम्बे. म्हणजे काय, ते निकिताने समजावलं. असा माणूस हजारोंत एखादा, आणि त्याला दुसऱ्या कुणाचंच रक्त चालत नाही, ओ सुद्धा नाही, असल्याच माणसाचं लागतं. आमच्याकडे असे दोघेच, त्यातला एक पुण्याला गेलाय. ज्ञानेशला ती 'आमचा हिरा' म्हणते. मी म्हटलं, हिऱ्याचे केस गळायला लागलेत. कुणी हसलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. निकिताने तिळगूळ आधी ज्ञानेशला दिला. मग मला, तोही डब्यातला फुटका. मग दोघं गॅलरीत जाऊन कितीतरी वेळ बोलत उभे. तो गेल्यावर विचारलं, काय एवढं चाललं होतं? म्हणाली, तुला काय करायचंय? माझं डोकं सटकलं. माउस भिंतीवर फेकला. ती शांतपणे पर्स उचलत म्हणाली, "उद्यापासून हेल्मेट घालून येते." आणि गेली. तशी उद्या ती येणारच नाही, तिला संगमनेरला मावशीकडे जायचंय.

ती गेल्यावर माझ्या लॉगिनने ज्ञानेशचं प्रोफाइल उघडलं. मोबाइलच्या जागी माझ्या दुसऱ्या सिमचा नंबर टाकला. निकिता दात्यांना ॲपमधूनच फोन लावते. ती त्याला फोन करते का, एवढंच बघायचं. उचलणार नाही. फक्त वाजतो का ते बघायचं. एक दिवस, मग त्याचा नंबर परत टाकतो.

हिरवी पट्टी आली.

बुधवार, १५ जानेवारी

निकिताचा फोन आला नाही. दुसरा आला.

अनोळखी नंबर होता. वाटलं, मावशीच्या फोनवरून करत असेल, म्हणून उचलला. म्हातारी बाई होती. "ज्ञानेशदादा का? मी देवळ्याची आक्काबाई. माझी पोर छाया हितं नाशकात बाळंत झाली, रगत थांबंना. डागदर म्हणत्यात तुमचंच लागंल. येता का दादा?"

मी राँग नंबर म्हणालो आणि ठेवला.

पुन्हा वाजला. म्हणाली, "दादा, फोन ठिवू नका." मी ओरडलो, आजी, एकदा सांगितलेलं कळत नाही का? त्यानंतर वाजतच राहिला. उशीखाली ठेवला. उशीखालीही ऐकू येत होता.

ज्ञानेशचा खरा नंबर माझ्याकडे होता. त्याला एक फोन लावायचा होता. पण त्याने विचारलं असतं, तुला कसं कळलं? मग निकिताला कळलं असतं. मी स्वतःला म्हणालो, मोठं हॉस्पिटल आहे, ते बघतील काहीतरी.

संध्याकाळी त्याचा नंबर परत टाकला. सिम काढून तोडलं, गोदावरीत टाकलं.

गुरुवार, १६ जानेवारी

छाया गेली. बाळ आहे, मुलगी.

संतोषदादाला हॉस्पिटलमधून कळलं. आक्काबाई सगळ्यांना सांगत होती, दाता राँग नंबर म्हणाला. दादाने माझ्यासमोरच ज्ञानेशचं प्रोफाइल उघडलं. नंबर बरोबर. म्हणाला, घाबरलेली माणसं, एखादा आकडा चुकला असेल.

मी म्हणालो, असेल.

त्या दोन ओळी आज कोडमध्ये घातल्या. आता कुणालाच दुसऱ्याचं प्रोफाइल बदलता येणार नाही.

शनिवार, १८ जानेवारी

ज्ञानेश आला. चहाला हात लावला नाही. त्या दिवशी तो घरीच होता, मोबाइल समोर होता. म्हणाला, "वाजला असता तर चालत आलो असतो रे." थोड्या वेळाने म्हणाला, मधे डोळा लागला होता, तेव्हाच वाजला असेल. सारखा मोबाइल काढून बघत होता. संक्रांतीला गॅलरीत तो निकिताला काय विचारत होता तेही कळलं – आपलं रक्त गोठवून साठवता येईल का, म्हणजे एखाद्या वेळी फोन लागला नाही तरी अडायला नको.

जाताना त्याने आपलं प्रोफाइल 'उपलब्ध नाही' करून टाकलं. माझ्या भरवशावर कुणी राहू नये, म्हणाला.

निकिता रडत होती. मी पाण्याचा ग्लास दिला. बस्स. ग्लास दिला.

सोमवार, २० जानेवारी

दुपारी जेवून टेबलावर डोकं टेकलं, डोळा लागला. उठलो तर डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला कापूस, वर पांढरी चिकटपट्टी. काढून बघितलं. लाल ठिपका. भोवती निळसर.

खोलीत स्पिरिटचा वास होता. निकिता अजून आलेली नव्हती.

कशाला सुचलं कुणास ठाऊक, ॲप उघडलं. माझं प्रोफाइल. शेवटचं रक्तदान – आजची तारीख.

मंगळवार, २१ जानेवारी

निकिताने ते पाहिलं. ग्रुपवर माझा फोटो टाकला, सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. मला म्हणाली, "छायाचं लागलं ना मनाला? नावासारखा वागलास एकदाचा." माझा हात हातात घेऊन ठिपका बघितला. असं तिने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडावर आलं होतं.

म्हणालो, त्यात काय एवढं.

दुपारी झोपायचं नाही असं ठरवलं. उभाच राहिलो. खाली मशीन सुरू झालं, चहा थरथरला, आणि मग – मधलं काही आठवत नाही. उजव्या हाताला कापूस.

गुरुवार, २३ जानेवारी

रोज. कधी डावा, कधी उजवा. दिवस बदलला की तारीख बदलते.

आज रक्तगटही बदलला. माझ्या नावापुढे बॉम्बे. मी केलं नाही. कुणी केलं म्हणून आतल्या नोंदी काढल्या. लॉगिन – छाया, देवळा. मोबाइलच्या जागी काही नाही.

त्या दोन ओळी तिला अडवत का नाहीत? परत परत तपासलं. कोड बरोबर आहे. मालकाशिवाय कुणाला बदलता येत नाही. माझ्या प्रोफाइलचा मालक म्हणून – तीच लागलीय.

शुक्रवार, २४

प्रोफाइल पुसलं. पाणी पिऊन येईपर्यंत परत होतं.

निकिता म्हणते, ओठ पांढरे पडलेत, लॅबला चल. नाही म्हणून ओरडलो. ती दचकली. तपासलं आणि खरंच बॉम्बे निघालं तर? मग मला कुणाचं रक्त चालणार? ज्ञानेशचं. एकट्या ज्ञानेशचं. आणि तो –

उपलब्ध नाही.

शनिवार

माझ्या प्रोफाइलमध्ये 'माझ्याबद्दल' अशी एक चौकट आहे. त्यात लिहिलं – ज्ञानेशचा नंबर मी बदलला होता. आक्काबाईचा फोन मी उचलला होता. जतन करा. हिरवी पट्टी, प्रोफाइल अपडेट झालं. खाली चौकट रिकामी.

पुन्हा लिहिलं. रिकामी.

पुन्हा –

असं चालणार नाही तर. तोंडानेच सांगावं लागणार. तिच्यासमोर.

रविवार

कुठेतरी झेंडावंदनाची गाणी. दुकान बंद. तरी चहा थरथरतोय.

जिना उतरवत नाही. पाय – भिंत धरूनही नाही.

निकिताला फोन लावला. तिचं नाव, तिचाच फोटो. उचलला. थांबलो तर परत जमणार नाही म्हणून एका दमात सांगितलं. सिम, नंबर, उशी, सगळं. ज्ञानेशला सांग, त्याचा फोन वाजलाच नव्हता, तो झोपला म्हणून काही झालं नाही, मी केलं. रडलो. ती ऐकत होती. श्वास ऐकू येत होता. मागे तान्हं बाळ रडत होतं.

निकिताकडे बाळ कुठलं –

मग आवाज. बाईचा. आक्काबाईचा नाही. तरुण, दमलेला. विचारलं, ज्ञानेशदादा का?

फोन टेबलावर ठेवलाय. बंद होत नाही. म्हणून लिहितोय. ही वही निकिताने वाचावी. ज्ञानेशला द्यावी.

पुन्हा विचारतेय. घाई नाही तिच्या आवाजात.

राँग नंबर म्हणायचं होतं. तसं म्हणालो नाही.

हो म्हणालो. मीच. येतो.

स्पिरिटचा वास. बाही कुणीतरी हळूच वर – डावा हात. उजव्याने लिहितोय. दुखत नाही. गार वाटतंय.

जिन्यात पावलं. निकिताच, खरी निकिता, हाक मारतेय. समाधान, दार उघड, ॲपमध्ये तुझा गट बॉम्बे दिसला, ज्ञानेशलाही घेऊन आलेय –

तो आलाय. त्याला आधी सांगितलं पाहिजे की त्याचा काही