होसकोट्याची मरळ

ती. रघुमामांच्या पायांवर बंगळुरातूनच डोकं ठेवून अवधूत लिहितो की,

संक्रांतीपासून लिहीन लिहीन म्हणत चैत्र उजाडला. पेन सापडलं तर कागद नाही, आणि कागद सापडला त्या दिवशी नोकरी सुटली (तिसरी; पण ते असो). तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून हे लिहिणं. तुमची गळाची रीळ न विचारता मीच आणली, कबूल. पण तिचं सोनं केलं, मामा! मंगळवारी होसकोट्याच्या तळ्यातून मरळ काढली. चार किलोची! ‘तुझ्या गळाला बेडूकसुद्धा लागायचा नाही’ असं आख्ख्या निपाणीदेखत म्हणाला होतात ना?

कशी काढली ते ऐका. चैत्रात तळं आटून गुडघाभर राहतं आणि कडेचं पाणी आधी तापतं. म्हणून मरळ सकाळी काठच्या गवताशी येते, उन्हं चढली की शेवाळाखाली शिरते. लोक उगाच मधोमध गळ फेकत बसतात (एका इलेक्ट्रॉनिक सिटीवाल्याच्या टोपीला तर चक्क पंखा होता, बटण दाबलं की फिरणारा, मी त्यातच अर्धा तास घालवला). मी तीन सकाळी नुसता बसलो, पाण्यावर सावली पडू दिली नाही. मरळ श्वासाला वर येते तिथं बुडबुडा फुटतो. त्याच्या वीतभर पुढं रबरी बेडूक टाकला आणि थांबत थांबत ओढला. दोघी तांबड्या पिल्लांच्या घोळक्यावर राखण करत होत्या, त्यांना हात लावला नाही. तो नेम तुमचाच. तिसरीनं बेडूक घेतला, आणि मी तुमच्यासारखा दम धरून मगच हिसका दिला.

मग ओल्या गोणपाटात गुंडाळून बसनं निघालो. मरळ पाण्याबाहेरही तासन्‌तास जगते हे मला ठाऊक, कंडक्टरला नव्हतं. गोणपाट उडी मारून त्याच्या पायावर पडलं. कोंबडी आहे म्हणून सांगितलं, तर कोंबडी ओली कशी आणि ओरडत का नाही, यावर जे. पी. नगरपर्यंत बसभर चर्चा झाली.

शनिवारी तुमच्याकडं जिवंतच आणायची होती. पण माझ्या घरमालकीण भाग्यलक्ष्मी अक्का कडक सोवळ्याच्या. ‘घरात मासा दिसला तर सामान रस्त्यावर’ याच अटीवर खोली दिलेली, आणि बिननोकरीच्याला दुसरी कोण देणार? मरळीनं बादलीतून दोनदा उडी मारली, तेव्हा अंगणातल्या सम्पात (म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, सगळ्या घराचं पाणी तिथलंच) सोडली. मजेत आहे.

तुमच्या वीणाला फोटो पाठवलाय, कुणाला दाखवणार नाही अशी शपथ घालून.

तुमचा (आता तरी) लाडका,
अवधूत

ता. क. चार किलो हा हाताचा अंदाज. तीन धरा. वीणा दोन म्हणते.

ता. क. २. खरं काम असं, की ती निघत नाही. सम्प आठ फूट खोल, गार, अंधारा. आणि माझे सगळे डाव उथळ पाण्याचे! म्हणून सम्पच उथळ करायला घेतला. दिवसाला चार अंघोळी केल्या, अक्कांचे पडदे धुतले. ‘एष्टु शुद्ध हुडगा!’ असा शुद्ध मुलगा पाहिला नाही म्हणाल्या, आणि पाणी तळाला गेलं म्हणून टँकर मागवला. काठोकाठ! रविवारी सम्प धुवायला माणूस येतोय. मामा, त्याआधी या. हवं तर रीळ न्यायला आलो म्हणा.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तोच गेटशी रिक्षा थांबली. तानूमामी! काखेत मसाल्याचा डबा, हातात विळी. वीणानं शपथ पाळलेली दिसत नाही. अक्का ‘बन्नी, बन्नी’ (या, या) करत पुढं झाल्यात आणि मामी रिक्षातूनच ओरडतेय, “अवधू, मरळ कुठाय रे?” अक्का तिला विचारतायत, मरळ म्हणजे काय. आणि मामीला, तुम्हाला माहीतच आहे, कानडी अस्सल येतं.