तुम्ही टाकलेले पत्ते

प्रिय बाबा,

तुम्ही पाठवलेली आपल्या च्याई गावची चौकोनी बिस्किटं पोचली. निम्म्यांचा चुरा झाला होता, तो सोयाबीनच्या दुधात घालून खाल्ला. इथे तैपेईत बरं चाललंय. ऑफिसात मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली आहे, आणि हल्ली दाराला कुलूप लावलंय ना हे बघायला मी एकदाच मागे फिरते.

आई रविवारच्या पोकर स्पर्धेवरून अजून धुसफुसते आहे. "बाप समोर खेळतोय आणि लेक माझा फोन उचलत नाही! मी काय तुमचे पत्ते खाणार होते?" म्हणाली. तिला तुम्हीच समजावा. हजारो लोकांच्या ऑनलाइन स्पर्धेत हरलेले बाहेर पडतात तशी टेबलं मोडत जातात, खेळाडू इकडचे तिकडे हलवले जातात, आणि मी नेमकी तुमच्या टेबलावर येऊन पडले. अशा वेळी घरी बोलणं म्हणजे लबाडी. मी तर आयोजकांना लगेच कळवलं, की या टेबलावर माझे वडील आहेत. "खेळा, पण एकमेकांशी बोलू नका," असं उत्तर आलं.

हे सगळं तुमचंच शिक्षण. नववर्षाच्या सुटीत, जेवणाच्या टेबलावर, चिप्सऐवजी कलिंगडाच्या बिया लावून. पोकरचा एकेक प्रकार शिकवलात: आधी होल्डेम, मग चार पत्त्यांचा ओमाहा, मग सात पत्त्यांचा स्टड, आणि शेवटी तुमचा लाडका रॅझ, ज्यात चार पत्ते उघडे, तीन उपडे, आणि सगळ्यात लहान पत्ते जिंकतात. मी रडकुंडीला यायचे आणि तुम्ही माझ्या बिया ओढून घेत म्हणायचात, "रडून झालं की पत्ते पिस."

रविवारी खेळ बदलून रॅझ सुरू झाला, तेव्हा आणखी चार-पाच जण बाहेर पडले की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस मिळणार होतं. तुम्ही तिथवर कधीच पोचला नव्हता. तुमच्यासाठी डाव सोडून द्यावा असं मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली. घरच्या माणसाशी हात राखून खेळणं हीसुद्धा चोरीच. म्हणून जोर लावून खेळले. तुमचे उघडे पत्ते दुर्री, चौकी, पंजी, सत्ती. माझ्यासमोर मात्र राजा, या खेळातला सगळ्यात वाईट पत्ता, ठाण मांडून बसलेला. तुमच्या जवळजवळ सगळ्या चिप्स मध्ये पडल्या होत्या, हाती चिमूटभर; अशा वेळी सहसा कुणी डाव सोडत नाही. शेवटचा पत्ता उपडा आला, मी चिप्स लावल्या, आणि तुम्ही पत्ते टाकून डाव सोडलात. पुढच्याच डावात ती चिमूटही गेली. त्या चिप्सच्या जोरावर मी अकरावी आले, बाबा.

काल आई म्हणाली, "हरल्यापासून तुझा बाप स्कूटर खोलता खोलता शीळ घालतोय. डोकं तपासून घ्यायला हवं."

म्हणून हे पत्र. आयोजक दुसऱ्याचे पत्ते सांगत नाहीत, आणि फोनवर विचारलं तर तुम्ही फोन आईच्या हातात द्याल. तुमचे तीन उपडे पत्ते कोणते होते? डाव खरंच बिघडला असेल तर तसं लिहा, मी बक्षीस घेते आणि पुढच्या सुटीत तुम्हा दोघांना समुद्रावर नेते. चांगले पत्ते असून टाकले असतील, तर बक्षीस परत करावं लागेल. मी त्याला अजून हात लावलेला नाही. मी खुशीत आहे, काळजी करू नका. फक्त खरं लिहा. बक्षीस माझ्याच खेळाचं असावं असं फार वाटतं. आणि तुम्ही ते पत्ते माझ्यासाठी टाकले असावेत, असंही तेवढंच वाटतं.

तुमचीच,
पै-शान